निमार्काची बाटली: गोव्याच्या परसबागेत कुठे चालते, कुठे फसते

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बी-बियाण्यांच्या दुकानात नुसतं ‘निम द्या’ म्हटलं, तर समोर कोणती बाटली येईल याचा नेम नाही. ३०० पीपीएमची येईल (पीपीएम म्हणजे मुख्य घटकाचं प्रमाण, हिशेब पुढे आहे), १५०० ची येईल, १०,००० ची येईल, नाहीतर ज्यावर पीपीएमचा आकडाच नाही असं साधं कडुनिंबाचं तेल येईल. चारही बाटल्यांवर हिरव्या डहाळीचं चित्र तेच. गिऱ्हाईक प्रत्येकातलं टोपणभर औषध एक लिटर पाण्यात ओततो, दोनदा फवारतो, दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसते आणि निमाचं नाव खराब होतं. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मालाचं नाही. अझाडिरेक्टिन हा कडुनिंबातला घटक असलेल्या सगळ्या फवारणीच्या औषधांचं, म्हणजे निमार्काचं आहे, आणि तेही गोव्यातल्या घरामागच्या भाजीपुरतं, कुंड्यांपुरतं आणि कुंपणाजवळच्या दोन-चार माडांपुरतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. चांगल्या निमार्काला पर्याय नाही, पण ते किडे मारायचं औषध समजून घेतलं तर पैसे वाया गेले असं वाटणारच. ते एका झाडाने स्वतःच्या बचावासाठी बनवलेलं रसायन आहे आणि आपण ते दुसऱ्या झाडाला उसनं देतो. उसनं घेणारं झाडही हात बांधून बसलेलं नसतं, त्याची स्वतःची तयारी चाललेली असते. त्या तयारीला वेळ मिळवून देणं एवढंच बाटलीचं काम.

बाटलीत असतं काय

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की टोळांनी सगळं खाऊन फस्त केलं तरी कडुनिंब हिरवेच राहिले. १९६८ मध्ये निंबोळीतून अझाडिरेक्टिन वेगळं काढलं गेलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा तयार व्हायला २००७ उजाडलं. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला त्यासाठी २२ वर्षं लागली. म्हणून आजही बाजारातलं सगळं अझाडिरेक्टिन निंबोळीतूनच येतं आणि मालाचा दर्जा निंबोळी कशी वाळवली, कशी साठवली यावर ठरतो. गोव्यात घरच्या घरी निंबोळी अर्क करण्यातली अडचणही तीच. निंबोळी पिकते नेमकी पावसाच्या तोंडावर, गर धुऊन सावलीत वाळवायला कोरडी हवा मिळत नाही, आणि बुरशी आलेल्या निंबोळीचा अर्क म्हणजे नुसतं कडू पाणी. घाटावरच्या कोरड्या गावातून वाळलेली निंबोळी आणता आली तर ५ टक्के अर्क उत्तम होतो: ५० ग्रॅम कुटलेला गर रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, थोडा साबण घालून एक लिटर करायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. एरवी बाटलीच बरी.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत अझाडिरेक्टिनचे किती भाग. पंपातल्या पाण्याचा हिशेब केला की दुकानातला घोळ सुटतो. ३०० पीपीएमचं औषध लिटरला ५ मिली घातलं, तर फवाऱ्यात उतरतं १.५ पीपीएम. १५०० चं ५ मिली घातलं तर ७.५. १०,००० चं २ मिली घातलं तर २०. आणि ५०,००० चं अर्धा मिली घातलं तर २५. म्हणजे ‘५ मिली’ हा आकडा एका बाटलीला लागू पडतो, तो दुसरीला लावला की फवारा पाचपट पातळ किंवा पाचपट घट्ट होतो. बाटल्यांची किंमत जोखताना लिटरच्या भावाकडे पाहू नका, एका पंपाला किती खर्च येतो ते काढा. ३०० पीपीएमची स्वस्त बाटली या हिशेबात बहुतेक वेळा महाग पडते. ५०,००० ची बाटली मोठ्या बागायतीला ठीक आहे. घरी अर्धा मिली अचूक मोजायला इंजेक्शनची सिरिंज लागते, आणि चुकून २ मिली गेलं की कोवळी पानं करपतात.

पीपीएम न लिहिलेल्या तेलाला आम्ही औषध म्हणत नाही. त्यात अझाडिरेक्टिन किती ते घाण्यागणिक बदलतं. मावा, पिठ्या ढेकूण अशा मऊ अंगाच्या किडींना तेलाचा लेप गुदमरवतो, तेवढ्यापुरतं ते उपयोगी आहे.

अळी मरत का नाही

अझाडिरेक्टिनची दोन मुख्य कामं. पहिलं, पान खावंसं वाटू नये असं करणं. दुसरं, कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकाची घडी मोडणं. अळी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना अंगावरचं आवरण सोडते, त्यासाठी एक्डायसोन नावाचं संप्रेरक ठरावीक वेळी सुटावं लागतं. ते वेळेवर सुटलं नाही की अळी जुन्या कातडीत अडकते आणि काही दिवसांनी मरते. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या सकाळी मेलेल्या अळ्या शोधण्यात अर्थ नाही. मोठी, शेवटच्या अवस्थेतली अळी तर कोषात जायच्या बेतात असते, तिच्यावर फारसा परिणाम दिसत नाही. ती हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी.

मग औषध चाललं की नाही ते ओळखायचं कसं? फवारणीच्या संध्याकाळी झाडाच्या सगळ्यात वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधा. सात दिवसांनी दोऱ्याच्या वरची पानं पाहा. ती अखंड आली असतील तर काम झालं. दोऱ्याखालची पानं फवारणीच्या आधीच कुरतडलेली असतात, ती भोकं भरून येत नाहीत. दोऱ्यावर नवी पानंच आली नसतील, तर प्रश्न किडीचा नसून मुळाचा किंवा पाण्याचा आहे.

झाडाला कळतं, आणि ते कामालाही लागतं

हा भाग बाटलीच्या लेबलवर नसतो, पण फवारणी कधी करायची आणि कधी नाही याचं उत्तर इथेच आहे.

१९७२ साली ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की टोमॅटो-बटाट्याचं एक पान भुंग्याने खाल्लं, तर दात न लागलेल्या पानांतही अशी प्रथिनं वाढतात जी किड्याच्या पोटातलं पचन अडवतात. म्हणजे एका पानाची खबर साऱ्या झाडाला पोचते. कशी, याचे धागे नंतर एकेक हाती आले. १९९१ मध्ये टोमॅटोत सिस्टेमिन सापडलं, १८ अमिनो आम्लांची छोटी साखळी, जखम झाली की सुटणारी. २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यावर तर ही खबर जाताना डोळ्यांनी पाहता आली: पान कुरतडलं की फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं, त्याने कॅल्शियमची लाट उठते आणि ती सेकंदाला साधारण १ मिलिमीटर वेगाने शिरांतून दुसऱ्या पानांकडे धावते. लाट पोचली त्या पानात जॅस्मोनिक आम्ल तयार होऊ लागतं. या नावाचं मूळ जाईच्या फुलात आहे. म्हार्दोळला ज्या जायांच्या माळा मिळतात त्यांच्या कुळातल्या फुलाच्या तेलात या आम्लाचं सुवासिक रूप पहिल्यांदा सापडलं. मंदिरात दरवळणारा वास आणि वांग्याच्या पानातली धोक्याची घंटा, दोन्ही एकाच रसायनाची रूपं.

झाड नुसती जखम ओळखत नाही, जखम कोणी केली तेही ओळखतं. याचा उत्तम दाखला आपल्या ताटातला आहे, चवळी. अळसांदे हे गोव्याचं चवळीचंच वाण. लष्करी अळी चवळीचं पान खाते तेव्हा पानातल्याच एका प्रथिनाचे तुकडे तिच्या पोटात होतात आणि लाळेतून परत जखमेवर लागतात. या तुकड्यांना इनसेप्टिन म्हणतात. २००६ मध्ये ते सापडले आणि २०२० मध्ये त्यांना पकडणारा ग्राही शेंगवर्गीय झाडांत सापडला. म्हणजे कात्रीने कापलेलं पान आणि अळीने खाल्लेलं पान यांतला फरक चवळीला कळतो. अळीच्या चावण्याची थरथर ऐकवली तरी झाड सावध होतं, असंही २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठात दिसलं.

खबर पोचल्यावर झाड तीन आघाड्यांवर लढतं. पान कडू, चिवट किंवा पचायला जड करतं. काही साठे आधीच तयार असतात: अळवाच्या आणि तेऱ्याच्या पानातल्या सुया ज्या आपल्या घशाला खाजवतात, पपईचा चीक ज्यातलं पपेन अळीला बाधतं. आणि तिसरी आघाडी सगळ्यात हुशारीची, झाड मदतीला हाक मारतं. कुरतडलेलं पान हवेत एक विशिष्ट वास सोडतं आणि त्या वासावर बारीक परजीवी गांधीलमाश्या येतात, अळीच्या अंगात अंडी घालतात. अळीच्या पाठीवर किंवा शेजारी पांढऱ्या कापसाचे दाणे चिकटल्यासारखे दिसले, तर ते या माश्यांचे कोष आहेत. ती अळी मारू नका, ते पान तोडू नका. त्या दाण्यांतून बाहेर पडणाऱ्या माश्या पुढच्या पंधरवड्याचं काम फुकट करणार आहेत. काजू आणि चवळी तर मुंग्यांना फुलाबाहेरच गोड रस पाजतात. काजूवर हुमल्यांची, म्हणजे पानं जोडून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटी असतील तर कोवळ्या फुटव्यातला रस शोषणाऱ्या ढेकण्याचा त्रास कमी राहतो. ती घरटी जाळणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, हे तुमचे बिनपगारी राखणदार आहेत.

या सगळ्याला वेळ लागतो. इशारा मिनिटांत पोचतो, पण पान खरोखर बेचव व्हायला काही तास ते एक-दोन दिवस जातात, आणि माश्या जमायला आणखी. कोवळ्या रोपाकडे तेवढी पानंच नसतात. तेवढ्या वेळापुरतं निमार्क पुढे उभं करायचं. दोन-तीन पानांचं रोप, नुकतं लावलेलं रोपटं, फुलावर येऊ घातलेली वेल, इथे फवारणीचा पैसा वसूल होतो. कमरेइतक्या वाढलेल्या भेंडीची चार पानं कुरतडलेली दिसली म्हणून पंप उचलायची गरज नाही.

उलट दोन गोष्टी झाडाची ही तयारी मोडतात, आणि मग कोणतीही बाटली पुरत नाही. पहिली, युरियाचा मारा. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, रसात अमिनो आम्लं वाढतात, मावा आणि तुडतुड्यांना ते जेवण फार मानवतं. २०१५ पासून देशात युरिया निमाचा लेप दिलेलाच मिळतो, पण तो लेप नत्र सावकाश सुटावं म्हणून आहे, किडीपासून बचाव म्हणून नाही. दुसरी गोष्ट, जहाल कीटकनाशकाचा एक हात. त्याने अळी मरते तशा हाकेला आलेल्या माश्या, ढालकिडे, कोळीसुद्धा मरतात. किडीची पैदास लवकर होते, राखणदारांची उशिरा. महिन्याभराने लाल कोळी मिरचीवर जाळी विणतो तो त्यामुळे.

पिकापिकाचा निकाल

अळसांदे आणि चवळीवर निमार्क चांगलं चालतं. पान गुंडाळणाऱ्या आणि कुरतडणाऱ्या लहान अळ्यांवर आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या पुरतात. काळ्या माव्यावर मात्र आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून शेंडा धुवावा, मग संध्याकाळी औषध. मुंग्या चढताना दिसल्या तर नीट पाहा: देठाजवळच्या गोड थेंबावर असतील तर राहू द्या, माव्याच्या गर्दीत फिरत असतील तर त्या मावा राखताहेत.

टोमॅटोवरची नागअळी, जी पानात पांढऱ्या रेघा ओढते, तिच्यावर आम्ही निमार्काला सगळ्यात जास्त गुण देऊ. अझाडिरेक्टिन पानात मुरतं, त्यामुळे पानाच्या दोन पापुद्र्यांत बसलेल्या अळीपर्यंत पोचतं.

भेंडीवर निकाल मध्यम. पानाच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या तर तुडतुडे समजा. पानाखाली हात फिरवला की तिरके पळतात. निमार्काने त्यांची पिल्लं आटोक्यात येतात, मोठे उडून शेजारी जातात आणि परततात. भेंडीच्या पानावरची लव हीच तुडतुड्यांविरुद्धची तिची ढाल, म्हणून लवदार वाण निवडणं हा फवारणीहून मोठा उपाय. शिरा पिवळ्या पडलेल्या झाडावर औषध मारून उपयोग नाही, तो विषाणू आहे. झाड उपटून बाहेर काढावं.

वांग्यावर, मग ते आगशीचं असो की ताळगावचं, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीपुढे ही बाटली हरते, हे सरळ सांगितलेलं बरं. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात घुसते आणि भोक विष्ठेने बुजवते. फवारा तिथे जात नाही. सुकलेला शेंडा सुकल्या जागेच्या बोटभर खालून कापून आठवड्यातून दोनदा गोळा करावा आणि साबणाच्या पाण्यात बुडवावा. सोबत याच किडीच्या वासाची गोळी असलेला कामगंध सापळा लावावा, गोळी महिना-दीड महिन्याने बदलावी. पतंग कमी झाले की अंडी कमी. निमार्क इथे फक्त पानांवरच्या किडींपुरतं.

मिरचीवर आधी पान वाचायला शिका. पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे, कडा खाली वळून पान उपडं झालं आणि देठ लांबला तर कोळी. फुलकिड्यांवर निमार्क चालतं, त्यातही फुलं लागण्याआधी सुरू केलं तर. कोळ्यांवर गंधक लागतं. गंधक आणि तेलकट निमार्क यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. खोल्याची असो की हरमलची, मिरचीचं पान या बाबतीत फार नाजूक.

पांढऱ्या माशीची गोष्ट वेगळी. ती पान कुरतडत नाही, सोंड खुपसून रस ओढते, आणि झाडाला फसवते. तिच्यामुळे झाडाला वाटतं की रोगजंतू आला, ते सॅलिसिलिक आम्लाची फळी उभारतं आणि किड्यांविरुद्धची जॅस्मोनिक फळी ढिली पडते. टोमॅटोवरच्या संशोधनात तर २०१९ मध्ये असं दिसलं की माशी लागलेल्या झाडाचा वास शेजारच्या झाडालाही याच चुकीच्या तयारीला लावतो. त्यामुळे पांढरी माशी दिसल्यावर झाडाच्या बळावर थांबू नये. पिवळे चिकट कार्ड शेंड्याच्या उंचीवर लावावं, आठवड्याला त्यावरच्या माश्या मोजाव्यात, वाढत दिसल्या की पानांच्या खालून निमार्क. कार्ड मोजण्यासाठी आहे, सगळ्या बागेत तोरणासारखी लावली तर उपयोगी गांधीलमाश्याही चिकटतात.

माडावर बाटली क्वचितच लागते. गेंड्या भुंग्यासाठी निंबोळी पेंड जास्त कामाची: २५० ग्रॅम कुटलेली पेंड तेवढ्याच बारीक रेतीत मिसळून सगळ्यात आतल्या तीन झावळ्यांच्या बगलेत भरायची, एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबर-जानेवारी अशी वर्षातून तीनदा. झावळ्यांखाली पांढरी वलयं काढणाऱ्या रूगोज माशीवर, जी २०१६ पासून देशात आहे, तिच्यावरचा एनकार्सिया हा परजीवी आपोआप वाढतो. हाताला येणाऱ्या छोट्या माडावर लिटरला ५ मिली निमतेल आणि थोडा साबण खालून मारला तरी चालेल. उंच माडावर जहाल औषध चढवायच्या भानगडीत पडू नये, एनकार्सिया मरतो आणि माशी दुप्पट होते.

मिश्रण, पाणी, वेळ

निम्म्या तक्रारी इथल्या चुकांतून येतात.

बाटली उघडण्याआधी हलवा. काचेच्या पारदर्शक बाटलीत एक लिटर पाणी घेऊन त्यात २ मिली औषध टाका. चांगलं औषध लगेच दुधासारखं होतं. अर्धा तास ठेवा. वर सायीसारखा थर आला आणि हलवल्यावर मिसळला तर ठीक. पिवळे थेंब तरंगत राहिले तर त्यातलं मिश्रक, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारं द्रव्य, बिघडलंय, असा फवारा एका पानावर तेल आणि दुसऱ्यावर पाणी मारतो. साध्या निमतेलात मिश्रक नसतंच. तिथे क्रम महत्त्वाचा: आधी कपभर कोमट पाण्यात दीड-दोन मिली पातळ साबण, त्यात ५ मिली तेल घोटून एकजीव करायचं, मग हळूहळू पाणी घालत एक लिटर. तेल थेट पाण्यात टाकून वर साबण घातला तर काही केल्या मिसळत नाही. कपड्यांची पावडर वापरू नका, काकडी-दोडक्याच्या वेली तिने जळतात.

अझाडिरेक्टिन अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असेल तर उत्तम. जांभ्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बहुधा आम्लधर्मीच असतं, म्हणून चालून जातं. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर सामूची पट्टी बुडवून पाहा, ७.५ च्या वर दिसलं तर लिंबाचे थेंब टाकत खाली आणा. याच कारणाने राख आणि निम एकत्र चालत नाहीत. आपल्याकडे वालीवर, मिरचीवर चुलीची राख उधळायची चांगली रीत आहे, पण राख कडक अल्कधर्मी. राखेने माखलेल्या पानावर मारलेलं निमार्क तिथल्या तिथे निकामी होतं. राख हवी तर राख, नाहीतर पान धुऊन दुसऱ्या दिवशी निम. कुळागरात पोफळींना कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात तो पंप तसाच निमार्काला घेऊ नका, त्यात चुना उरलेला असतो.

ऊन हा दुसरा शत्रू. अतिनील किरणांत अझाडिरेक्टिनचा जोर दोन-चार दिवसांत ओसरतो. म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर, साडेपाचनंतर. रात्रभर ते पानात मुरतं, मधमाश्याही घरी परतलेल्या असतात. दुपारी मारलं तर तेल तापून पानावर तपकिरी डाग पडतात. पाणी न मिळालेल्या, मलूल झाडावरही हाच धोका, त्याला आधी पाणी द्या. जानेवारीतल्या पहाटे दव पडलेलं असतं, ओल्या पानावरून औषध ओघळून जातं.

जून ते सप्टेंबर गोव्यात या बाटलीचा उपयोग फार थोडा. चार तासांची उघडीप मिळाली आणि चिकटणारं द्रव्य घातलं तरी रात्रीची एक सर सगळं धुऊन नेते. पावसाळी भाजीला निंबोळी पेंड मातीत घालणं जास्त शहाणपणाचं, मोठ्या कुंडीला मूठभर. वायंगणी हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, औषधाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात.

फवारा पानाच्या खालून वर मारायचा. अंडी, पिल्लं, फुलकिडे सगळे खालीच. वाढलेल्या वांग्याच्या झाडाला १०० ते १५० मिली द्रावण लागतं. पान चमकलं, पण थेंब गळायला लागला नाही, इथे थांबायचं. कालवलेलं द्रावण त्याच संध्याकाळी संपवा, रात्रभर ठेवलेलं सकाळी कामाचं नसतं. सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या हा एक फेरा. एकच मारून थांबलात तर अंड्यांतली पुढची पिढी ताज्या पानावर येते. भाजी काढायच्या आधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, ते पाळा.

पंप विहिरीच्या काठी, तळीत किंवा ओहोळात धुऊ नका, माशांना ते बाधतं. आणि ‘कडुनिंबच तर आहे’ म्हणून निमतेल लहान मुलांना चाटवायचा प्रकार जिथे असेल तिथे थांबवा. पोटात गेलेल्या निमतेलाने तान्ह्या मुलांना झटके येऊन गंभीर विषबाधा झालेली आहे.

घेताना

लेबलवर तीन गोष्टी हव्यात: अझाडिरेक्टिनचं प्रमाण, केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख. यातलं एकही नसेल तर बाटली परत ठेवा. अझाडिरेक्टिन बंद बाटलीतही हळूहळू कमी होतं, उष्णतेने लवकर. म्हणून सहा महिन्यांच्या आतली तारीख शोधा आणि दुकानाच्या दारात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, आतल्या फळीवरची मागा. किडीची ओळख पटत नसेल तर पान आणि किडा झाकणाच्या डबीत घालून जवळच्या झोनल कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून मगच बाटली निवडा.

किती घ्यायची हेही मोजता येतं. पंधरा-वीस झाडांना एका वेळी दोन लिटर द्रावण, म्हणजे १०,००० पीपीएमचं ४ मिली. हंगामात तीन-तीन फवारण्यांचे चार फेरे धरले तरी बारा वेळा मिळून ४८ मिली. १०० मिलीची बाटली दोन हंगामांना पुरते, पण दुसऱ्या हंगामापर्यंत तिचा जोर उतरलेला असतो, तेव्हा शेजारच्या घरात वाटून घेतली तर सगळ्यात उत्तम. लिटरची बाटली ‘स्वस्त पडते’ म्हणून घेऊ नका. पडवीत उन्हाळाभर तापलेलं, निम्मं उरलेलं जुनं निमार्क पुढच्या दिवाळीत मारलं जातं, आणि निम चालत नाही ही तक्रार बहुतेक वेळा त्या बाटलीतून येते.